मेलो नव्हतो, निजलो होतो

मी धानाचा दाणा बोलतोय, भंडारा जिल्ह्यातल्या शहापूरजवळच्या कलाबाईंच्या घरातून, ओल्या गोणपाटात गुंडाळलेला.

दिवाळीनंतर आमचं गावरान धान कापून त्याच्या कडपा, म्हणजे कापलेल्या मुठी, वाळायला शेताच्या बांधीत पसरल्या होत्या, आणि नको तेव्हा पाऊस आला. शेजारच्या धनीरामच्या धानाला लोंबीतच कोंब फुटले. पाणी माझ्याही टरफलात शिरलं, पण मी हललो नाही. यात माझी बहादुरी नाही. पूर्वजांकडून मिळालेली जनुकं माझ्यात आहेत. ती सगळीच एका वेळी बोलत नाहीत. तेव्हा झोपेची जनुकं बोलत होती. त्यांच्या हुकमानं बनलेलं रसायन कोंबाला दाबून धरत होतं. पिठाची साखर करणारी जनुकं गप्प होती.

"यानं दम धरला बाप्पा," कलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी आम्हांला बियाण्यासाठी वेगळं काढलं.

तोच दम पुढे नडला. त्यांचा मुलगा भुपेंद्र यानं उन्हाळी धानासाठी आमच्यातलं अर्धं बियाणं वाफ्यात टाकलं. रोपं उगवलीच नाहीत, वाफा जवळजवळ उघडाच राहिला.

"माय, मेलं हे बियाणं. उरलेलं मिलमंदी नेतो."

मिलमध्ये टरफल निघतं, कोंबाचा डोळाही तुटतो. मी ऐकत होतो, पण ओरडणार कसा? भंडाऱ्याच्या कॉलेजात शिकणारी भुपेंद्रची बहीण मोना पोत्याला आडवी आली.

"दादा, मेलं नाही, झोपून राहिलं आहे. पावसात काहून नाही उगवलं? त्याच कारणानं आता नाही उगवून राहिलं."

"मंग उठन कधी? तुले सांगून उठन काय?"

"ऊन खाऊ दे त्याले. मंग पाहू."

भुपेंद्रनं पोतं खाली ठेवलं. पण उन्हाळी पीक हातचं गेलं होतं. त्या रागात बरेच दिवस तो बहिणीशी धड बोलला नाही.

मोनानं आम्हांला उन्हात वाळवलं. त्या कोरड्या उबेत माझ्यातलं झोपेचं रसायन ओसरत गेलं, त्याचा हुकूम देणारी जनुकं मंदावली. मृगाच्या तोंडावर कलाबाईंनी आम्हांला भिजवलं. या वेळी पाणी आत आलं आणि जागं करणारी जनुकं बोलू लागली. पिठाची साखर झाली. टोक आतून टोचू लागलं.

आज सकाळी गोणपाट भुपेंद्रनंच उलगडलं. आमचे पांढरे कोंब त्यानं बोटानं हलकेच चाचपले.

"मोना," त्यानं हाक मारली, "ये ना, जित्तं आहे वो हे."

माझी साखर आता कोंबाला लागतेय. थोड्या दिवसांत माझं नुसतं टरफल उरेल. त्याची हळहळ नको. वाफ्यात चिखल तेवढा मऊ करा.