बंपरवरचा तीळ

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळी गल्ली ‘डबडेवाला’ म्हणायची, आणि त्यात खोटं काय होतं? घरात बघावं तिकडे डिजिटल कॅमेऱ्यांची पहिलीवहिली डबडी. एक फ्लॉपी गिळणारं, एक बघता बघता चार सेल पिऊन टाकणारं, तर एक इतकं सुस्त, की बटण दाबल्यावर फोटो निघेपर्यंत समोरचा हसणं संपवून जांभई द्यायचा. खिशात चांगला फोन असताना हे कशाला, असं कुणी विचारलं की म्हणायचा, ‘फोन सगळं दाखवतो. हे बिचारं जमेल तेवढंच दाखवतं. मग उरलेलं काय असेल, ते शोधत बसायला मजा येते.’ आता याच्यापुढे कोण काय बोलणार?

एकदा बाबांचं जुनं ऑफिस बंद झालं, तेव्हा तिथल्या शिपायानं एक कॅमेरा आठवणीनं आणून दिला. बाबा विमा कंपनीत होते. ठोकलेल्या गाड्यांचे फोटो काढायचे आणि नुकसान किती ते ठरवायचं, हे त्यांचं काम. त्यासाठी सगळ्या ऑफिसात मिळून हा एक कॅमेरा होता.

नवं डबडं आलं की डबडेवाला पहिला फोटो तळहाताचा काढायचा. लेन्सवर तळहात घट्ट दाबून धरायचा आणि बटण दाबायचं. फोटो काळाकुट्ट यायला हवा. त्यात एखादा ठिपका चमकला, तर समजायचं की आतला एक कण बिघडलाय. मग तो ठिपका प्रत्येक फोटोत, त्याच जागी, कायमचा. या कॅमेऱ्यात एक निघाला. लालसर, मध्यापासून जरा डावीकडे, वरच्या अंगाला. त्यानं खिडकीचा फोटो काढला, ठिपका पडद्यावर. चपलांचा काढला, ठिपका अंगठ्यापाशी. ‘तू तर ओळखीचा दिसतोस,’ तो पुटपुटला, आणि त्याची नजर भिंतीकडे गेली.

भिंतीवर आईचा एकुलता एक हसरा फोटो होता. आई गेली तेव्हा त्याची धाकटी बहीण नुकती रांगायला लागली होती. तिला आईचं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. नाक बाबांचं, केस आत्याचे. म्हणून फोटोतल्या आईच्या गालावरचा लालसर तीळ तिनं उचलला होता. रोज सकाळी तपकिरी पेन्सिलीनं तो गालावर काढायची. पोहायला शिकवायची ती, पण पाण्यातून बाहेर आली की टॉवेलच्या आधी पेन्सिल शोधायची. ‘आईकडून एवढंच आलंय मला,’ म्हणायची.

डबडेवाल्यानं फोटो उतरवला, पट्टी लावून पाहिली. जागा तीच. गंमत म्हणजे त्याला स्वतःलाही तो तीळ चांगला आठवत होता, आईनं कुशीत घेतल्यावर जवळून दिसायचा तसा. काय म्हणावं या डोक्याला?

तो तडक बाबांच्या खोलीत गेला. ‘बाबा, आईच्या गालावर तीळ होता?’

बाबांनी त्याच्या हातातला कॅमेरा पाहिला आणि रेडिओ बंद केला.

‘नव्हता. तिचा फोटो मी याच कॅमेऱ्यानं काढला. तो तीळ माझ्या सगळ्या बंपरांवर होता. एका गाडीवाल्यानं तर तो ओरखडा धरून भरपाई मागितली होती.’

‘मग तुम्ही बोलला का नाहीत?’

‘पोरीनं पहिल्यांदा काढला तेव्हा मला विचारलं, बाबा, आईसारखा जमलाय का? नाही म्हणायला जीभच रेटेना.’

‘कशाबद्दल चाललंय?’ दारात धाकटी उभी होती, केस ओले, गालावर ताजा तीळ.

डबडेवाल्याला थाप मारणं कधी जमलंच नव्हतं. त्याची ततपप झाली. शेवटी त्यानं कॅमेरा तिच्या हातात दिला. ‘लेन्सवर तळहात ठेव, आणि काढ.’

काळ्या फोटोत लाल ठिपका आला. तिनं तो पाहिला, आईचा फोटो पाहिला, परत ठिपका पाहिला. ती काही बुद्दू नव्हती. तिला रडू फुटलं, आणि आपण एका बिघाडासाठी रडतोय याचा रागही आला.

‘म्हणजे आईकडून मला काहीच नाही,’ ती म्हणाली.

तिनं ओढणीनं गाल खसाखसा पुसला आणि भिंतीला टेकून उभी राहिली. ‘काढ माझा फोटो, दादा. आण तो ठिपका गालावर. आईला चालला, मला का नाही चालणार?’

दादा पुढे सरकला, मागे सरकला, नेम धरला, बटण दाबलं. कॅमेरा आपला ढिम्म. धाकटी श्वास रोखून उभी.

‘काढला का रे?’

‘हलू नकोस.’

‘अरे, काढला का?’ आणि डोळ्यांत पाणी तसंच असताना ती हसत सुटली. तेवढ्यात कॅमेऱ्यानं कट्कन फोटो काढला.

बाबा पलंगावर ताठ बसले होते. ‘हेच,’ ते म्हणाले. ‘काढलात का हो, काढलात का हो, म्हणत अशीच हसत सुटली होती तुमची आई. म्हणून तर तो फोटो हसरा आला.’

तिघांनी छोट्या पडद्यावर डोकी घातली. धाकटी हलली होती, त्यामुळे ठिपका नेमका तिच्या नाकावर बसला होता. पण त्या नाकाखाली तोंडभर हसत होती ती आईच.

‘परत काढू?’ दादानं विचारलं.

‘नको,’ ती म्हणाली आणि पेन्सिल त्याच्या हातावर ठेवली. ‘हाच लाव भिंतीवर, तिच्या शेजारी.’