अडतीस किलोची पृथ्वी

“ड्रायव्हर खाली!” मी माइकवर ओरडलो. “क्लीनर पण खाली! काट्यावर माणूस नाय पायजे!”

कळंबोलीच्या लोखंड बाजारात माझा, कमळाकर म्हात्रेचा, हा आवाज सगळ्यांना पाठ आहे. काटा म्हणजे ट्रक तोलायचा वजनकाटा. गाडी रिकामी येते तेव्हा एकदा तोलायची, माल भरून आली की पुन्हा तोलायची. त्यात कुणी गाडीतच झोपून राहिला, तर त्याचं धूड लोखंडाच्या भावात विकलं जातं. म्हणून काट्यावर माणूस दिसला की माझं डोकंच फिरतं. “सगळी हयात माणसांना हाकलण्यात घालवली या बाबानं,” असं माझी बायको मालू म्हणते. म्हणते काय, म्हणायची. हल्ली ती फारसं बोलतच नाही.

आजारानं पार चिपाड झालंय तिचं. लग्न झालं तेव्हा मिठागरावर मिठाची टोपली एका झटक्यात डोक्यावर घेणारी बाई ही! गेल्या खेपेला हॉस्पिटलात तिला वजनाला उभं केलं, तर आकडा आला अडतीस. घरी आली आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

“सोमवारी हॉस्पिटलात मी नाय यायची,” म्हणाली. “बस झाले ते डोस.”

“अगं, डॉक्टर सांगतायत गुण येतोय. आता मधेच सोडलंस तर सगळं पाण्यात.”

“काय हाय माझ्यात आता? अडतीस किलो! तुमच्या काट्यावर तर मी दिसायची पण नाय.”

रागवावं तर कुणावर?

शनिवारी दुपारी आमची प्रांजल आली. नेऱ्याच्या शाळेत विज्ञान शिकवते. शाळा सुटली तरी तिचा वर्ग सुटत नाही, घरात शिरली की आम्ही दोघं विद्यार्थी. मी तिला सगळं सांगितलं आणि म्हटलं, “तूच समजाव तुझ्या आईला. माझं डोकं थकलं.”

प्रांजल आईच्या उशाशी बसली. “आई, अडतीस किलो कुणाचे गं?”

“माझेच, दुसऱ्या कोनाचे?”

“तुझ्या एकटीचे नाहीत. पृथ्वी तुला ओढते, त्या ओढीला आपण वजन म्हणतो. पण ओढ एकतर्फी नसते. तू पण पृथ्वीला ओढतेस. बरोब्बर तेवढ्याच जोरानं.”

“चल, कायतरीच!” मी उसळलो. “जन्म गेला माझा वजन करन्यात. वजन मालाचं असतंय. लोखंड जड म्हनून आकडा जड. पृथ्वी कुठनं आली मधेच?”

“बाबा, तुमचा काटा आणि तेच लोखंड चंद्रावर नेलं, तर आकडा येईल सहावा हिस्सा. लोखंडाचा एक तुकडा कमी झालेला नसेल. मग बाकीचं वजन गेलं कुठे?”

ड्रायव्हरनं चोरलं, असं अगदी जिभेवर आलं होतं. गिळून टाकलं.

“वजन मालाच्या पोटात नसतंच मुळी,” ती म्हणाली. “माल आणि पृथ्वी, दोघांच्या मधे असतं. पृथ्वीनं आईला तोललं, अडतीस. आईनं पृथ्वीला तोललं, तरी अडतीसच. आईपुरतं पृथ्वीचं वजन अडतीस किलो. डोंगर, समुद्र, तुमची कळंबोली, सगळं धरून.”

मालूनं भिंतीकडची मान वळवली.

खिडकीतून प्रबळगडाच्या वर दिवसाउजेडी अर्धा चंद्र दिसत होता, धुवून वाळत घातल्यासारखा फिका. प्रांजलनं बोट दाखवलं. “तो बघ. पृथ्वीच्या ओढीनं तो सारखा पडतोय, पण पुढेही धावतोय, म्हणून फेरी घालत राहतो. आणि तोही पृथ्वीला ओढतो. एवढी थोरली पृथ्वी, त्याच्या ओढीनं जराशी डुलते. चंद्र, सूर्य, ग्रह, आई, सगळ्यांना नियम एकच. थोराला सूट नाही, बारक्याला सूट नाही.”

जन्मभर काट्यावर बसलो, पण अंगावर असा काटा कधी आला नव्हता. अरे देवा, म्हणजे मी इतकी वर्षं काय तोलत होतो! एकेका गाडीबरोबर अख्खी पृथ्वी काट्याला लागत होती आणि मी ड्रायव्हरशी हुज्जत घालत बसलो होतो.

मालू किती तरी वेळ चंद्राकडे बघत होती. मग म्हणाली, “मना काट्यावर न्या.”

“आत्ता?”

“आत्ता.”

रिक्षा करून आम्ही तिघं गेलो. मालूनं कडेला चपला काढल्या, देवळाबाहेर काढतात तशा. प्रांजलचा हात सोडून ती एकटीच काट्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. बारा चाकांच्या गाडीची जागा ती, त्यात एवढीशी बाई. मी आधीच केबिनमध्ये जाऊन काटा शून्यावर आणला होता. आता आकडा हलला. आमचा काटा दहा-दहानं मोजतो, अडतीसचे चाळीस करतो.

“चाळीस!” मी माइकवर सांगितलं.

“दोन किलो वाढवलेत?” मालू हसली. खरंच हसली हो! “माझे वाढवले का पृथ्वीचे?”

“दोघींचे!” प्रांजल कडेला उभी राहून ओरडली.

मालूनं खाली बघितलं. अनवाणी पाय हळूच दाबून पाहिला, मिठागराची जमीन तुडवून घट्ट झाली का बघायची, तसा. मग केबिनकडे तोंड करून म्हणाली, “सोमवारी किती वाजता निघायचं?”

मागे एक भरलेला ट्रक येऊन उभा राहिला होता. त्यानं हॉर्न दिला, पुन्हा दिला. ड्रायव्हरनं मुंडकं बाहेर काढलं. “ओ म्हात्रेकाका, काट्यावर माणूस हाय! आमाला एवढं ओरडता, आता उतरवा की खाली!”

मालू गडबडून निघायला लागली. मी तिला हातानंच थांबवलं आणि माइक तोंडाजवळ घेतला.

“थांब रे जरा,” मी म्हणालो. “पृथ्वीचं वजन चाललंय.”