घड्याळजींचा डावा कान आणि मी

मी एक जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे. मित्रांनो, माझं काम एकच. कानावर जे पडेल ते मोठं करून सांगायचं. असं काम करणारी माणसं प्रत्येक गल्लीत असतात, पण त्यांना वीज लागत नाही.

मला ज्या कारागिराने जोडलं, त्याच्या काळातले टेपरेकॉर्डर फार दबक्या आवाजात बोलत. म्हणून त्याने मला भरपूर ताकद दिली. मग घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ मला घरी घेऊन आले. सगळे त्यांना घड्याळजी म्हणत. दुपारी जेवण झालं की ते माझ्यासमोर खुर्ची टाकून बासरी ऐकत. पाहुणे म्हणत, "आवाज काय गोड आहे हो!" मी आतल्या आत सुखावत असे.

पुढे टेपरेकॉर्डर मोडला आणि नवा प्लेयर आला. हा बाबा कुजबुजतच नाही, थेट ओरडतो. त्याचं ओरडणं मी माझ्या सवयीने आणखी मोठं केलं. पहिल्याच दिवशी फळीवरचा डबा खाली आला, आणि पाठोपाठ वरच्या मजल्यावरच्या बाई.

तेव्हापासून घड्याळजी माझं आवाजाचं बटण केसभरच फिरवत. ते त्यांनाच जमे, बारीक चक्रं बसवणारा हात तो! पण अगदी सुरुवातीच्या त्या टोकाला माझ्या दोन्ही बाजू सारख्या चालत नाहीत. उजवा स्पीकर बोलू लागतो तेव्हा डावा झोपेतच असतो. घड्याळजींना वाटलं, आपला डावा कान गेला.

"वय झालं गं," ते बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना म्हणाले. "बासरी अर्धीच ऐकू येते. त्यापेक्षा नकोच ती."

मला शेजारच्या व्यायामशाळेला देऊन टाकायचं ठरलं. तिथल्या मालकाला भिंती हलवणाराच आवाज हवा होता. माझी तर पाचावर धारण बसली. घड्याळजींनाही त्या दुपारी जेवण गेलं नाही.

मला पाठवण्याआधी काकूंनी सगळं पुसून घेतलं. परत ठेवताना डावा स्पीकर तारेसकट उजवीकडे गेला आणि उजवा डावीकडे. घड्याळजी शेवटचं ऐकायला बसले आणि दचकले.

"अगं, उजवा कान गेला!"

"आणि डावा?"

"डावा... डावा आला की!"

"अहो, कान म्हणजे काय पाहुणे आहेत, एक गेला की दुसरा यायला? थांबा, लेकीला बोलावते."

लेक प्रयोगशाळेत काम करते. तिने बटण थोडं पुढेमागे करून पाहिलं आणि हसायलाच लागली.

"बाबा, तुमचे कान ठणठणीत आहेत. प्लेयर ओरडतो, हा त्याला आणखी चढवतो, आणि तुम्ही याचा गळा दाबून बसता. इतक्या कमी आवाजात याची एक बाजू मुकीच राहते."

"मग याची ताकद काढून घ्यायची?"

"छे! प्लेयरचा आरडाओरडा याच्यापर्यंत पोचायच्या आत कमी करायचा."

तिने प्लेयर आणि माझ्यामधल्या वायरीत एक छोटी डबी जोडली. आत मोजके रेझिस्टर होते, म्हणजे आवाजाचा जोर वाटेतच अडवणारे छोटे तुकडे. खोलीतून भांडखोर माणूस उठून गेल्यावर वाटतं, तसं मला वाटलं.

घड्याळजींनी श्वास रोखून बटण केसभर फिरवलं. काहीच नाही. आणखी थोडं. बटण पार मध्यावर आलं तेव्हा बासरी भरून वाजू लागली.

"अगं, दोन्ही कानांनी!" त्यांनी खुर्ची आणखी पुढे ओढली.

"छान झालं," काकू म्हणाल्या. "म्हणजे गेले दोन महिने मी डावीकडून हाका मारत होते, त्या ऐकू येत होत्या तर!"

घड्याळजींनी घाईघाईने आवाज जरा वाढवला.

मित्रांनो, मी अजून याच घरात आहे. तुम्हाला एवढीच विनंती, एखादं यंत्र कर्कश वाजू लागलं तर लगेच त्याला घराबाहेर काढू नका, आणि स्वतःच्या कानांनाही दोष देऊ नका. त्याच्याशी कोण ओरडून बोलतंय, ते आधी पाहा. माझ्याशी तर हळूच बोला. मोठं करायला मी बसलो आहेच.