तिसाचा ट्रे

अंड्यांच्या गोदामात मी मांडणीला आहे, झाली अकरा वर्षं. पुठ्ठ्याचा ट्रे, त्यात तीस खळगे. भरला की दुसरा घ्यायचा, उरलेली अंडी सुटी मोजायची. डोळे मिटून बसवली तरी चुकायची नाही. तशी मी कधीच चुकत नाही. मागं माझ्या हातून भरलेला ट्रे पडला होता, पण तेव्हा फरशी निसरडी होती.

म्हणून भावानं लेकीची बेरीज माझ्या गळ्यात घातली तेव्हा म्हटलं, हा तर हातचा मळ. भाची दुसरीत आहे. आम्ही तिला मिरी म्हणतो, कारण दिसायला एवढीशी आणि झोंबते केवढी! शाळा सुटली की ती गोदामात येऊन उपड्या क्रेटवर बसायची.

"अठ्ठावीस आणि सतरा?" मी विचारायची.

"सतरातली दोन तिकडं टाकली, ट्रे भरला. एक ट्रे पंधरा."

आठ दिवसांत कार्टी अशी तयार झाली की आमचा मुकादम तिलाच आकडे विचारायला लागला. मी उगाच इकडंतिकडं बघत फिरायची, कुणी कौतुक करतंय का म्हणून.

आणि काल तिच्या बाईंची चिठ्ठी आली. बेरजेत शून्य. उद्या तोंडी घेऊ, तेव्हाही जमलं नाही तर सोमवारपासून बेरजेच्या तासाला मिरी पहिलीच्या चिल्ल्यापिल्ल्यांत बसेल. मिरी रात्री जेवली नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आज बाह्या सरसावूनच शाळेत गेले. बाईंनी शांतपणे वही पुढं केली. अठ्ठावीस अधिक सतरा, खाली मिरीच्या अक्षरात एकशे पंधरा.

"बरोबर तर आहे," मी म्हणाले. "एक ट्रे, पंधरा सुटी."

"आणि हे एकशे पंधरा वाचलं तर अंडी किती समजायची?"

मी मनात मोजली, पंचेचाळीस. पंचेचाळीस अंड्यांची एकशे पंधरा करणारी कोंबडी अजून जन्माला यायची आहे.

"दहा झाले की एक पुढच्या घरात द्यायचा, असं मी चारदा सांगितलं," बाई म्हणाल्या. "ही म्हणते, आत्या तीस म्हणते."

मिरी फळ्याजवळ खडू घेऊन उभी होती. "आत्या चुकत नाही," ती म्हणाली. कुणाच्या तोंडचं वाक्य ते? माझ्याच. घरात दिवसातून चारदा तरी वाजवते मी ते.

बाई माझ्याकडं बघत होत्या. ट्रेचा दोष, पुठ्ठ्याचा दोष, सगळं जिभेवर तयार होतं. पण ही पोर माझ्यापायी पहिलीत बसायला निघाली होती.

"मिरी, माझं चुकलं," मी म्हणाले. "गोदामात तीस. वहीत दहाच. बाई सांगतात तेच खरं."

मला घाम फुटला. अकरा वर्षांत एवढं जड काही उचललं नव्हतं.

मग ती फळ्याकडं वळली. "आठ आणि सात पंधरा. दहा भरले. पाच इथं, एक तिकडं. दोन, एक आणि हा एक, चार." पंचेचाळीस लिहून तिनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.

बाईंनी दुसरं घातलं, सत्तेचाळीस अधिक अडतीस. मिरीनं भराभर पंच्याऐंशी लिहिले आणि बरोबर आहे का म्हणून मान वर केली.

या वेळी तिनं बाईंकडं बघितलं.

बाई हसल्या. पहिलीत बसणं टळलं. मला आनंद झालाच, का नाही होणार? पण आत कुठंतरी कळ आली, खोटं कशाला बोलू.