घासून लख्ख केलेला खल

मित्रांनो, परळच्या एका कॉलेजात, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत माझी पस्तीस वर्षे गेली. मी अकीक दगडाचा जुना खल. खंभातच्या कारागिराने मला आतून गुळगुळीत केले. मी इतका टणक, की कितीही घोटा, माझा कण सहसा कुणात मिसळत नाही. याची मला थोडी घमेंडच आहे.

वरळीच्या बीडीडी चाळीतली, इथे संशोधन करणारी मेघना माझ्याकडे आली ती अंधारात उजळणारी पूड बनवायला. पांढरी चूर्णे मापात घ्यायची, उजेड देणारे युरोपियम नावाचे मूलद्रव्य चिमूटभर घालायचे, घोटायचे आणि भट्टीत तापवायचे. स्फटिक नीट जमले तर पूड हिरवी उजळते. पहिल्या खेपेला तिने अर्धाच तास घोटले. चूर्णे एकजीव झाली नाहीत आणि पूड नुसती मिणमिणली. दुसऱ्या खेपेला भट्टी कमी तापली.

"आणखी एकदा करून बघ," तिच्या मार्गदर्शक पद्मजा मॅडम म्हणाल्या. "नाही जमलं, तर सोमवारी विषय बदलू."

दोन वर्षांची मेहनत पाण्यात जाणार होती. तिसऱ्या खेपेला मेघनाने दोन तास घोटले, भट्टीही बरोबर लावली. गुरुवारी पूड अंधारात नेली, तर ती मिणमिणलीसुद्धा नाही.

मला कारण ठाऊक होते, पण सांगणार कसे? मला धुताना तिलाच माझ्या पोटात करड्या रेघा दिसल्या. तिने दगडूकाकांना हाक मारली. काका इथले जुने शिपाई, आम्हा सगळ्या उपकरणांची निगा तेच राखतात.

"काका, हा खल कशाने घासलात?"

"तारेच्या घासणीन. दसऱ्याच्या पूजेक ठेवचो होतो मां. लख्ख केलंय."

"काका, तारेचं लोखंड उतरलंय त्यात. चिमटीत न येण्याइतकं लोखंड गेलं तरी ही पूड उजळत नाही."

काकांनी वाकून त्या रेघांवरून बोट फिरवले. "म्हणजे तुझा काम मीच बिघडवलंय गो?"

मेघनाला राग आला होता, मला तो तिच्या बोटांत जाणवला. पण काकांचा चेहरा पाहून ती विरघळली. "तुम्हाला कुणी सांगितलंच नाही ना काका. चला, धुऊया."

तिने सौम्य ॲसिड आणले. त्याने काय निघते, दगडाला ते का लागत नाही, हे एकेक करून समजावले. तीस वर्षे मला पुसणाऱ्या माणसाने माझी गोष्ट तेव्हा पहिल्यांदा ऐकली. मग हातमोजे घालून त्यांनीच मला धुतले. मेघनाने लगेच नवी चूर्णे घेऊन पुन्हा दोन तास घोटले आणि भट्टी लावली.

सोमवारी काळ्या पडद्याआड पूड हिरवीगार उजळली. मॅडम बघतच राहिल्या. "या वेळी वेगळं काय केलंस?"

"काही नाही, मॅडम. खल स्वच्छ होता. काकांनी धुतला."

काका दारातच उभे होते. त्यांनी टोपी काढून डोळे पुसले.

मित्रांनो, आम्हाला जरूर जपा. पण जो आम्हाला रोज जपतो, त्याला आम्ही कोण आहोत तेवढे सांगा.