लाँड्रीतले हात

"झटकू नकोस! झटकायचं नाही, सांगितलं ना!"

बंद दाराआडून आवाज आला तशी ती जागच्या जागी थबकली. हातात रबरी मोजे, तोंडाला मास्क, आणि उंबऱ्याबाहेर यजमानांनी सरकवलेली चादर दोन टोकांना धरून नुसती उचललेली. तिने चादर खाली ठेवली, कडेकडेने आत गुंडाळत तिची वळकटी केली आणि लहान मूल निजवावं तशी अलगद पिशवीत घातली.

"तुम्हाला दिसलं कसं?"

"दिसलं नाही, ऐकू आलं. झटकणारा माणूस आधी श्वास घेतो."

"मोठे आले श्वास मोजणारे," ती म्हणाली, आणि मास्कच्या आतल्या आत हसली.

तिच्या यजमानांचं उभं आयुष्य मोठ्या लाँड्रीत गेलं होतं. हॉटेलांच्या, लॉजांच्या चादरी तिथे गाड्या भरभरून यायच्या. यंत्रात टाकण्याआधी प्रत्येक चादर दोनदा हवेत झटकायची, असा तिथला शिरस्ता. झटकली की त्यातून कर्णफुलं पडत, किल्ल्या पडत, एकदा तर पुढच्या दातांची अख्खी कवळी पडली होती. नव्या माणसाला झटकायला शिकवायचं काम यांचंच. मनगट असं फिरवायचे की चादर तोफेसारखी वाजायची.

मग त्यांना ताप आला. मान दुखायला लागली, जबड्याखाली गाठी आल्या, आणि चार दिवसांत तोंडावर, तळहातांवर, तळपायांवर पाण्याने भरलेले फोड उठले. डॉक्टरांनी फोडातला नमुना तपासायला पाठवला. एमपॉक्स निघाला, म्हणजे आधी ज्याला मंकीपॉक्स म्हणत तो.

"आजारी माणसाच्या अंगाला अंग लागून होतो," डॉक्टर म्हणाले होते, "आणि त्याच्या कपड्या-अंथरुणातूनही होऊ शकतो. तुमचं काम बघता तसंच झालं असावं. घाबरायचं कारण नाही, लाजायचं तर मुळीच नाही. बहुतेक लोक घरच्या घरी बरे होतात. तापाला गोळी घ्या, फोड खाजवू नका. शेवटची खपली पडून खाली नवी कातडी येईपर्यंत मात्र वेगळ्या खोलीत राहायचं." मग तिच्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही रोज ताप बघत जा. अंगावर काही उठलं तर लगेच कळवा."

मागच्या खोलीला लागून न्हाणीघर होतं, म्हणून ते तिकडे राहायला गेले. दार लागलं. आणि खरी पंचाईत तिथून पुढे झाली.

लाँड्रीत यंत्रांची घरघर एवढी, की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नसे. म्हणून तिथे सगळे हातांनी बोलत. प्रत्येक खुणेला ते 'हात' म्हणत. थांब म्हणायचा एक हात, गाडी आली म्हणायचा एक, मालक आला म्हणायचा वेगळा आणि जरा चावट. हे हात यांनी लग्नानंतर पहिल्याच वर्षी घरी आणले. अंगठा ओठाला लावला की चहा. दोन बोटं फिरवली की पोट भरलं. तळवा तिरका केला की झोप आली. तीही हौसेने शिकली. पाहुण्यांदेखत दोघं खुणांनी बोलत, तेव्हा तिला भारी मौज वाटायची. त्यांची बहीण तर त्यांना मौनीबाबाच म्हणायची.

मौज किती दिवस टिकणार? वर्षं सरली, हात राहिले. दिवसाकाठी त्यांच्या तोंडून शब्द निघे तो "येतो." हळूहळू तिचेही शब्द आटले. ती भांड्यांशी बोलू लागली, आणि दूध उतू जायला लागलं की त्यालाच दटावू लागली.

खोलीत गेले त्या पहिल्या संध्याकाळी तिने दाराला कान लावून विचारलं होतं, "अहो, डोकं दुखतंय का अजून?"

उत्तर नाही.

"ताप वाटतोय का?"

काही नाही. तिने दवाखान्यातल्या नर्सचा नंबर लावायला घेतला, आवाज चढवून पुन्हा हाक मारली. तेव्हा आतून वैतागलेला, घोगरा आवाज आला.

"अगं, मघापासून मान हलवतोय ना मी!"

"दाराला दिसली असेल," ती म्हणाली. "मला नाही दिसली."

आतून हसू फुटलं. आपला नवरा असा खळखळून हसतो, हे ती विसरूनच गेली होती.

तिथून जी सुरुवात झाली ती झालीच. आधी कामापुरतं. चादर, कपडे झटकायचे नाहीत, नाहीतर फोड-खपल्यांचे कण हवेत उडतात, गरम पाण्यातच धुवायचे, इतरांच्या कपड्यांत मिसळायचे नाहीत, मोजे काढले की साबणाने हात धुवायचे. नर्सने सांगितलेलं सगळं ते दाराआडून तिला पुन्हा सांगत, जणू शोध त्यांनीच लावला होता. मग कवळीची गोष्ट निघाली. कवळीचा मालक तोंडावर रुमाल धरून लाँड्रीच्या दाराशी आला होता आणि काय हवंय ते त्याला बोलून सांगताच येईना!

"मग हो?"

"मग काय, आम्हाला हातांची सवय. दोन मिनिटांत त्याच्याशी गप्पा रंगल्या."

ती बाहेर स्टुलावर बसून डोळे पुसत हसली. दुसऱ्या दिवशी जेवणाचं ताट ठेवून मागे सरली, तरी जाववेना. तिसऱ्या दिवशी स्टूल तिथेच राहिलं. फोड सुकून खपल्या धरेपर्यंत त्यांना खूप ठणका लागायचा. तेव्हा ती आपल्या शाळेतल्या खोड्या सांगायची. ते मध्येच "मग?" म्हणायचे. एवढा गोड शब्द तिने आयुष्यात ऐकला नव्हता.

"तू कामं करताना गुणगुणायचीस," एकदा ते म्हणाले.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"ओठ दिसायचे. लाँड्रीतून आल्यावर कानात तासन्‌तास यंत्रं चालू असतात. आता इतके दिवस कान रिकामे आहेत. म्हण ना काहीतरी."

तिने गायलं. सूर थोडा कापरा लागला. मग दारावर आतून हलकेच ताल धरल्याचा आवाज आला.

नणंदेचा फोन रोज यायचा.

"वहिनी, मौनीबाबा कसे आहेत?"

"मौनीबाबा?" ती म्हणाली. "अहो वन्सं, तोंडाचा पट्टा थांबतोय कुठे! काल तर मला माझीच गोष्ट पुरी करू देईनात."

"फोन चुकीच्या घरी लागला वाटतं," नणंद म्हणाली.

रोज सकाळी ती देवापुढे हात जोडायची. तिचं मागणं ठरलेलं होतं. यांच्या खपल्या लवकर पडू देत, डाग राहिले तरी चालतील, डोळे तेवढे सांभाळ. देव ऐकत होता. तोंडावरच्या पडल्या, हातांवरच्या पडल्या. शेवटी टाचेवरची एक उरली. त्या सकाळी तिने डोळे मिटले, आणि ओठांवर भलतंच आलं. आज नको, उद्या पडली तरी चालेल.

तिने चटकन डोळे उघडले आणि कान पकडले. "देवा, माफ कर," ती पुटपुटली. "नवरा बरा होऊ नये म्हणणारी बाई तू कधी बघितली नसशील." पण खरं मागणं ठरेना. दार उघडावं आणि ते तसेच बोलत राहावेत, हे एका दमात मागायचा तिला धीर होईना. दिलेलं देव परत मागून घेईल, असं वाटलं. शेवटी ती नुसतीच हात जोडून बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी नर्स आली. आत जाऊन तिने नीट पाहिलं. कपाळापासून टाचांपर्यंत, बोटांच्या बेचक्यांतही. बाहेर येऊन मोजे काढले आणि हात धुता धुता म्हणाली, "शेवटचीही पडली. खाली छान गुलाबी कातडी आलीये. खोली एकदा ओल्या फडक्याने जंतुनाशक लावून पुसून घ्या. झाडू मारू नका."

"आणि झटकायचं नाही," ती म्हणाली.

"तुम्हाला सगळं पाठ आहे की! तुम्हालाही ताप नाही ना? छान. आता दार उघडं ठेवलंत तरी चालेल."

नर्स गेली. तिने चहाचं आधण ठेवलं, ते बघायचं विसरली, आणि ओट्याला पाठ टेकून उभी राहिली. आत आंघोळीचं पाणी वाजत होतं. मग थांबलं. दाराची कडी निघाली.

ते बाहेर आले. वाळले होते, गालांवर फिकट गोल डाग होते, आणि उजेडाला डोळे किलकिले करत होते. तिच्याकडे पाहून हसले. टेबलापाशी येऊन खुर्चीत बसले. तिने मनाशी म्हटलं, आता बोलतील.

त्यांचा हात वर उठला.

म्हणजे झालंच. चहा म्हणतील, मग पोट भरलं म्हणतील, मग झोप आली म्हणतील. देवाकडे मागितलं नाही तेच बरं झालं.

पण अंगठा ओठाकडे गेला नाही. त्यांनी तिच्याकडे बोट दाखवलं, मग समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे, मग स्वतःच्या छातीकडे. मग पाचही बोटं जुळवून, चिमणीच्या चोचीसारखी उघडमीट, उघडमीट केली. असा हात लाँड्रीत नव्हताच. तिथे यंत्रांच्या घरघरीत, चल, बोलत बसू, असं कोण कुणाला म्हणणार? आतल्या खोलीत बसून त्यांनी तो नवा केला असणार. हात वर धरून, भुवया उंचावून ते वाट पाहत राहिले.

लहान मुलालाही कळला असता.

तिने गॅस बंद केला. पदराला हात पुसले, समोरची खुर्ची ओढली आणि टेबलावर कोपरं टेकून बसली.

"नाही कळलं," ती म्हणाली. "तोंडानं सांगा."