धार लावून झिजलेली कात्री

मी कात्री बोलतेय, आणि खरं सांगते, गेल्या मंगळवारपासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

उल्हासनगर कॅम्प दोनच्या बाजारात नरेंद्रशेठनी मला परत आलेल्या मालाच्या खोक्यातून उचललं. परदेशातली, जाड पोलादाची. त्यांच्या जीन्सच्या कारखान्यात कापड कापणाऱ्या जनूमास्तरांच्या हातात पडले आणि पहिल्याच दिवशी अब्रू गेली. डेनिम कापलंच जाईना, पात्यांमध्ये दुमडून अडकायचं. मास्तरांचा अंगठा सोलून निघाला. भंगार माल म्हणून त्यांनी मला धारवाल्याकडे पाठवलं. परत आले, तेच! पुन्हा धार, पुन्हा तेच. सात वर्षं हेच चाललं होतं हो. शेवटी खोके फोडायला मला ठेवलं. आपल्यातच खोट आहे, हे मलाही पटलं होतं.

मंगळवारी शलाका आली, अंबरनाथच्या बुवापाड्यातून. घरात कमावणारी ती एकटीच. दिवसभराची ट्रायल, जमलं तर कटिंगची नोकरी. मास्तरांची कात्री उजव्या हातात धरून तिने खिसा कापला, तो वाकडा. दुसराही वाकडा. मास्तर म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस, आणि आपली कात्री घेऊन जेवायला गेले.

पोरीचे डोळे भरून आले. मग इकडेतिकडे बघत तिने खोक्यांवरून मला उचललं. डाव्या हातात.

अगं बाई! तिची बोटं माझ्या मुठीत नीट बसली आणि मी तिसरा खिसा कापत चालायला लागले. खसाखस! एक धागा सुटला नाही. हे मी कापतेय? मीच हादरले.

मास्तर कधी दारात येऊन उभे राहिले, आम्हाला कळलंच नाही. त्यांनी तो खिसा पट्टीला लावून पाहिला. मग मला उजव्या हातात घेऊन चालवलं, कापड दुमडलं. ट्यूबलाइटखाली उलटसुलट फिरवून पाहिलं, आणि म्हणाले, अरे, ही तर डावखुऱ्याची कात्री! माझी पातीच डाव्या हातासाठी बसवलेली होती. सात वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्यासुद्धा!

"डावखुरी आहेस, तर सकाळीच का नाही सांगितलंस?" त्यांनी शलाकाला विचारलं.

"सांगितलं की ठेवत नाहीत, मास्तर."

मास्तर तडक शेठकडे गेले. त्यांना सांगितलं, पोरगी राहणार.

काल माझा स्क्रू आवळायला त्यांनी धारवाल्याला बोलावलं. माझं पातं बोटाने चाचपून तो म्हणाला, यात आता काही उरलं नाही, फार तर दिवाळीपर्यंत चालेल. म्हणजे नसलेली खोट काढता काढता यांनी मला घासून संपवलं! मला अजूनही खरं वाटत नाही.

शलाकाला रोजच्या कामासाठी डाव्या हाताची नवी कात्री मिळालीय; मला ती फक्त सॅम्पलच्या, म्हणजे नमुन्याच्या, जीन्सपुरती काढते, जपून. तुम्हाला एकच विनवते. तुमच्याकडे कुणाला एखादं काम जमत नसेल, तर त्याला घासायला घेण्याआधी एकदा हात बदलून बघा. माझ्या बाबतीत सात वर्षं उशीर झाला.